मारकुटेपणाचे माहेर

जबलपूरचे नाव ठगांच्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले आहे. विल्यम स्लीमनच्या बंदोबस्तात पकडले गेलेले व पुढे माफीचे साक्षीदार झालेले अनेक ठग येथे पहाऱ्यात राहत. त्यांच्या मुलांचे काय करावयाचे, हा प्रश्न लवकरच उभा राहिला आणि १८३७ च्या सुमारास येथे एक उद्योगशाळा निघाली. तीत तंबू शिवणे, गालिचे विणणे ही कामे शिकविली जात. बाप मुलाला कोवळ्या वयात मोहिमेवर नेतो, आधी बक्षिसाची गोडी लावतो आणि मग हळूहळू हत्येला सरावतो, असे स्लीमनच्या नोंदी सांगतात. या नोंदींवर आजचे इतिहासकार पुष्कळ आक्षेप घेतात, आणि ते रास्तही आहेत. तथापि त्या शाळेमागची कल्पना विचार करण्याजोगी आहे. क्रौर्य रक्तातच असते, तर मुलाच्या हाती सुई आणि सूत देऊन काय साधणार होते? गंमत अशी की, त्याच राज्यकर्त्यांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

रक्त की घर, या वादात आजचे मानसशास्त्र अनुवंशाचा वाटा नाकारीत नाही. पण घराकडे ते फार बारकाईने पाहते. कॅनडातील रिचर्ड ट्रेंब्ले यांच्या अभ्यासातून असे दिसले की, ढकलणे, चावणे, हात उगारणे हे प्रकार दोन ते चार वर्षांच्या वयात सर्वांत अधिक असतात आणि पुढे बहुतेक मुलांत ओसरतात. म्हणजे मूल मारावयास शिकते असे म्हणण्यापेक्षा, न मारावयास शिकते, असे म्हणणे अधिक खरे. हे शिक्षण जेथे अपुरे राहते, तेथे नेमके काय बिघडते?

जबलपुरातील दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीतले एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. मुलाला पतंगासाठी पैसे हवे आहेत. आई नाही म्हणते, तो रडतो. ती दटावते, तो भांडे फेकतो. शेजारी ऐकतील या संकोचाने ती पैसे देऊन टाकते आणि घर शांत होते. दुसऱ्या दिवशी आईऐवजी बाप असतो. तो थोबाडीत देतो आणि घर पुन्हा शांत होते. पहिल्या दिवशी मुलाचा आरडाओरडा फळला, दुसऱ्या दिवशी बापाचा हात. जो अधिक चढेल त्याचे चालते, हा धडा मात्र दोन्ही दिवशी एकच. अमेरिकेतील जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांतून बसून अशाच देवघेवीच्या नोंदी केल्या. त्यांना मोठ्या अत्याचारांइतकीच ही रोजची, क्षुल्लक वाटणारी झटापट महत्त्वाची वाटली.

माराचा दुसरा परिणाम डोळ्यांवर होतो. केनेथ डॉज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले की, घरी मार खाल्लेली मुले दुसऱ्याच्या साध्या कृतीतही वैर पाहू लागतात. नळावर कोणाचा धक्का लागला, तर इतर मुलाला तो गर्दीचा वाटतो. याला तो मुद्दाम दिलेला वाटतो. हीच दृष्टी घेऊन तो मोठा झाला, तर कचेरीत वरिष्ठांच्या निरुपद्रवी शेऱ्यातही त्याला अपमान दिसतो आणि संध्याकाळी त्याचा जाब बायकोमुलांना द्यावा लागतो.

मग मार खाल्लेला प्रत्येक जण मारकुटा होतो काय? मुळीच नाही, आणि हे ठासून सांगितले पाहिजे. नाहीतर जमातींवर मारलेला शिक्का आपण कुटुंबांवर मारू. कॅथी विडम यांनी बालपणी छळ किंवा हेळसांड सोसलेल्या ९०८ व तशी न सोसलेल्या ६६७ व्यक्तींची तुलना १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. हिंसक गुन्ह्यासाठी अटक झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ११ टक्के होते, दुसऱ्यात सुमारे ८. फरक खरा आहे. पण पहिल्या गटातही दर दहांपैकी जवळजवळ नऊ जणांवर असा प्रसंग आला नव्हता.

या नऊ जणांना कशाने तारले असेल? हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, कलह, आईबापांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले समर्थ व समंजस निघाली. त्यांच्यापैकी बहुतेकांना लहानपणी निदान एक तरी मायेचे, भरवशाचे माणूस लाभले होते, आणि ते आई किंवा बापच असे, असेही नाही. आपल्याकडे एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना त्यातील जाच आपण सोयीने विसरतो. परंतु मार खाऊन आलेल्या पोराला पदराआड घेणारी आजी, न विचारता ताट वाढणारी शेजारची काकू, ही माणसेही त्याच घरांत आणि त्याच गल्ल्यांत असत.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. घराच्या उंबरठ्याशी मात्र तो कायदा थांबतो. आणि केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत कुटुंबात मार सोसणाऱ्या मुलांपैकी शेकडा ८८ हून अधिक मुलांना मारणारे आईबापच होते.