गेटपूर्वीचे शेवटचे दिवस : भर घालण्याचे नव्हे, हाताशी आणण्याचे

अभियांत्रिकी, तंत्रज्ञान, वास्तुकला आणि विज्ञान या शाखांतील पदवीधरांना एम. टेक. आणि तत्सम पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रवेश मिळवण्यासाठी जी परीक्षा भारतभर द्यावी लागते, ती ‘गेट’ या लघुनामाने ओळखली जाते. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, गुवाहाटी व रुरकी येथील सात आयआयटी मिळून ही परीक्षा घेतात, आयोजनाची जबाबदारी त्यांच्याकडे आळीपाळीने येते आणि अलीकडच्या वर्षांत परीक्षेचे दिवस फेब्रुवारीच्या पूर्वार्धातील शनिवार-रविवारी ठरत आले आहेत. सार्वजनिक क्षेत्रातील अनेक कंपन्याही अभियंत्यांची निवड करताना याच परीक्षेचे गुणांकन विचारात घेत असल्यामुळे, जानेवारी सरत आला की अभ्यासिकांमधील दिवे रात्री उशिरापर्यंत जळू लागतात. त्या जागरणाचे खरोखर किती चीज होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी परीक्षेचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. प्रश्नपत्रिका तीन तासांची आणि १०० गुणांची असून तीत ६५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरीने पावणेतीन मिनिटे येतात. त्यांपैकी १५ गुण सामान्य क्षमतेसाठी, म्हणजे भाषेची जाण, तर्क आणि साधे अंकगणित यांसाठी राखलेले असतात. बहुतेक अभियांत्रिकी विषयांत आणखी १३ गुण अभियांत्रिकी गणिताला असतात आणि उरलेले ७२ गुण मूळ विषयाचे असतात. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमातून आलेला हा ७२ गुणांचा विषय दहा दिवसांत नव्याने शिकणे अशक्य असते. उलट पहिल्या दोन भागांतील २८ गुणांचा आवाका तुलनेने मर्यादित असल्यामुळे तेथे रोज तासभर केलेला सरावही उपयोगी पडतो. म्हणूनच अखेरच्या दिवसांत न शिकलेला प्रकरण-समूह उघडण्यापेक्षा, जे एकदा समजले आहे पण वेळेवर आठवत नाही, त्याकडे वळणे शहाणपणाचे ठरते.

समजलेले वेळेवर का आठवत नाही, याचा पद्धतशीर अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी प्रथम केला. निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून आणि ठरावीक काळाने स्वतःलाच तपासून त्यांनी १८८५ मध्ये असे दाखवून दिले की विस्मरणाचा वेग आरंभी फार असतो आणि पुढे तो मंदावत जातो. उजळणीची गरज यातून सिद्ध होते. परंतु उजळणी कशी करावी, याबाबतचा महत्त्वाचा पुरावा पुढे रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये मांडला. त्यांच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. मात्र दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचण्यांत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. वही चाळताना सारे ओळखीचे वाटते आणि त्या ओळखीलाच विद्यार्थी ज्ञान समजतो, हा धोका या प्रयोगाने स्पष्ट केला. त्यामुळे सूत्रांची वही वाचण्याऐवजी कोऱ्या कागदावर एखाद्या प्रकरणातील सर्व सूत्रे आठवून लिहावीत, मग वही उघडून ताडून पाहावीत आणि जी निसटली तेवढीच दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावीत, ही पद्धत कष्टाची असली तरी तीच अधिक टिकाऊ आहे.

सराव चाचण्यांचा हेतूही याच दृष्टीने समजून घ्यायला हवा. पूर्ण तीन तासांची चाचणी सोडवून केवळ एकूण गुण पाहणे आणि लगेच दुसरी सुरू करणे यातून फारसे हाती लागत नाही. चाचणीइतकाच वेळ तिच्या तपासणीला देऊन प्रत्येक चूक संकल्पनेची होती, आकडेमोडीची होती की प्रश्न घाईत वाचल्याची होती, हे नोंदवले, तर दोन-तीन चाचण्यांतच चुकांची घडण दिसू लागते. आकडेमोडीच्या चुकांमागे पुष्कळदा यंत्राची अनोळख असते. गेटमध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, पडद्यावरील आभासी कॅल्क्युलेटर माउसने वापरावा लागतो आणि संख्यात्मक उत्तरही पडद्यावरील अंकफलकावरूनच भरावे लागते. घरी ज्याने सर्व सराव हातातल्या कॅल्क्युलेटरवर केला, त्याचा वेळ परीक्षागृहात बटणे शोधण्यात जातो. ही उणीव चार दिवसांत पूर्ण भरून निघू शकते.

शेवटच्या दिवसांतच पक्का करावा असा आणखी एक भाग म्हणजे उणे गुणांचे गणित. गेटमध्ये तीन प्रकारचे प्रश्न असतात : चार पर्यायांतून एकच अचूक पर्याय निवडण्याचे, एक किंवा अधिक अचूक पर्याय निवडण्याचे आणि संख्या भरण्याचे. उणे गुण केवळ पहिल्या प्रकाराला आहेत. एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाचे चुकल्यास दोन तृतीयांश गुण वजा होतो. एका गुणाचे असे १२ प्रश्न केवळ अंदाजाने सोडवले, तर संभाव्यतेच्या नियमानुसार सरासरी तीन बरोबर आणि नऊ चूक येतात, म्हणजे मिळालेले तीन गुण पुरते वजा होऊन हाती शून्य उरते. प्रत्येक प्रश्नात एक चुकीचा पर्याय निश्चित बाद करता आला, तर चार बरोबर आणि आठ चूक येऊन सुमारे १.३३ गुण उरतात, आणि दोन पर्याय बाद करता आले, तर सहा बरोबर व सहा चूक येऊन चार गुण उरतात. यावरून धोरण आपोआप ठरते : काहीच बाद करता येत नसेल तेथे थांबावे, दोन पर्याय बाद झाले असतील तेथे उत्तर द्यावे आणि उरलेल्या दोन प्रकारांत उणे गुण नसल्यामुळे तेथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. हा निर्णय परीक्षागृहातील ताणाखाली नव्हे, तर घरी शांतपणे आधीच झालेला असावा.

जागरणाविषयीचे मत या सर्व विवेचनाच्या अखेरीस मांडणे उचित ठरते. जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवून दिले होते की पाठ केल्यानंतर झोप घेतली असता तेवढ्याच काळाच्या जागेपणापेक्षा विस्मरण कमी होते. पुढील संशोधनातून असे दिसून आले की मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरत्या साठलेल्या आठवणी झोपेत स्थिर होत जातात. म्हणजे झोप हा अभ्यासातील खंड नसून अभ्यासाचाच एक टप्पा आहे. अलीकडच्या वर्षांत सकाळचे सत्र साडेनऊला आणि दुपारचे अडीचला सुरू होत आले असल्यामुळे, प्रवेशपत्रावर जी वेळ असेल त्याच वेळी शेवटच्या सराव चाचण्या सोडवाव्यात, म्हणजे शरीरालाही त्या तासांची सवय होते. प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र आदल्या दिवशीच एकत्र ठेवावे, केंद्राचा रस्ता पाहून ठेवावा आणि त्या संध्याकाळी पुस्तके मिटावीत.

गेटचे गुणांकन निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरले जाते, पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ही परीक्षा देता येते आणि ती पुन्हा देण्यावर बंधन नाही. त्यामुळे एका दिवसावर संपूर्ण आयुष्य तोललेले आहे, ही घरोघरी बाळगली जाणारी समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. पालकांनी या दिवसांत किती अभ्यास झाला हे विचारण्याऐवजी घरात वेळेवर जेवण आणि निवांत झोप मिळेल एवढे पाहावे, आणि विद्यार्थ्यांनी जे येत नाही त्याची यादी वाढवण्यापेक्षा जे येते ते अचूक येते ना, याची खात्री करून घ्यावी.