चहा-कॉफी, आपले हृदय आणि रक्तातील साखर

पाहुणा घरी आला की आधी पाणी आणि मग चहा, ही आपली जुनी रीत. आपल्या बेटावर ती आहे तशीच अमेरिकेतील मराठी घरांतही टिकून आहे. वॉशिंग्टन शहराच्या वायव्येस सुमारे 50 किलोमीटरवर, व्हर्जिनिया राज्यात अ‍ॅशबर्न हे गाव आहे. एके काळी शेती व दूधदुभत्याचा असलेला हा मुलूख आज संगणकाच्या प्रचंड केंद्रांसाठी जगभर ओळखला जातो. 2022 साली राजधानीची मेट्रो तेथवर पोचली. कामधंद्यानिमित्त तेथे भारतातील पुष्कळ कुटुंबे स्थायिक झाली असून त्यांत मराठी मंडळीही आहेत. घरी आले-वेलची घालून उकळलेला चहा आणि कचेरीत मोठ्या कागदी पेल्यातील कॉफी, असा त्यांचा दुहेरी शिरस्ता.

हे पेय हृदयाला व मधुमेहाला अपायकारक आहे काय? वाचकहो, निवाडा बराचसा चहा-कॉफीच्या बाजूने लागतो. 2002 साली हॉलंडमधील 17 हजारांवर लोकांच्या पाहणीत भरपूर कॉफी पिणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला. 2022 साली ब्रिटनमधील सुमारे 5 लाख लोकांच्या पाहणीत, रोज दोन किंवा अधिक कप काळ्या पत्तीचा चहा घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण थोडे कमी दिसले. मात्र अशा पाहण्यांतून केवळ संबंध दिसतो. चहा हे औषध आहे असे त्यावरून ठरत नाही.

मग खोट कोठे आहे? ती आहे साखरेत. एका चमच्यात सुमारे 4 ग्रॅम साखर असते. दोन चमच्यांचे चार कप झाले की 32 ग्रॅम पोटात गेली. अमेरिकन हृदयरोग संघटनेने वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा स्त्रियांसाठी 25 व पुरुषांसाठी 36 ग्रॅम सांगितली आहे. बिस्किटे, मिठाई व सरबत यांचा हिशेब तर अजून धरलेलाच नाही!

आपल्या लोकांनी हा हिशेब का करावा, तेही ऐका. अमेरिकेत 2010 साली सॅन फ्रान्सिस्को व शिकागो भागांतील 906 दक्षिण आशियाई लोकांची ‘मसाला’ नावाची पाहणी सुरू झाली. तीत मधुमेहाचे प्रमाण सुमारे 23 टक्के निघाले. तेथील गोऱ्या लोकांत ते 6 टक्के होते. आपल्या मॉरिशसमध्ये 1987 च्या पाहणीत सर्वच समाजांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या वर आढळले. आपल्यात अंगाने बारीक दिसणाऱ्यालाही हा रोग गाठतो. म्हणूनच अमेरिकेत आशियाई वंशाच्या माणसाची तपासणी इतरांपेक्षा कमी वजनावरच सुरू करावी, असा सल्ला 2015 पासून दिला जातो.

कॉफीबद्दल आणखी एक गोष्ट. न गाळता उकळलेल्या कॉफीतील तेलकट अंशामुळे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. कागदी गाळणीत तो अंश अडकून राहतो. कॅफिनमुळे रक्तदाब काही काळ चढतो, म्हणून रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नये. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफिन चालते, म्हणजे साधारण चार कप कॉफी. गरोदर स्त्रियांनी याच्या निम्म्याहून अधिक घेऊ नये. अ‍ॅशबर्नमध्ये काहींना भारतातील सहकाऱ्यांशी रात्री उशिरा बोलावे लागते. त्या वेळच्या कॉफीने झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने रक्तातील साखरही बिघडते.

तेव्हा चहा सोडण्याचे कारण नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी करत जा. जिभेला तीही सवय होते. घरात कोणाला मधुमेह असेल तर इतरांनीही रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटी तपासणीला जाताना चहा नको, फक्त पाणी. आणि पाहुण्याच्या कपात साखर घालण्यापूर्वी ‘किती घालू?’ एवढे अवश्य विचारा. त्याने पाहुणचारात काही उणे येत नाही.