मुळांची माती झटकू नका

पीक उपटले असता मुळांना माती चिकटून येते. ती का चिकटते, हे शेतकरी बंधूंनी जाणून घेण्याजोगे आहे. मुळाच्या टोकावर टोपीसारखे आवरण असते व त्यातून बुळबुळीत द्रव्य पाझरते. रुजलेल्या मक्याच्या ओल्या मुळाग्रास बोट लावल्यास ते जाणवते. हे द्रव्य मुख्यत्वे शर्करांच्या साखळ्यांचे बनलेले असून पाणी धरून ठेवते. त्याच्या योगे कोवळे टोक मातीच्या कणांतून सुखाने पुढे सरकते. माती सुकू लागली म्हणजे हेच द्रव्य व मुळावरील बारीक केस कणांना धरून ठेवतात आणि मुळाचा ओलाव्याशी संबंध टिकतो. मातीतील उपयुक्त सूक्ष्म जंतूंनाही त्यातून अन्न मिळते.

मिरची-वांग्याची रोपे कोरड्या वाफ्यातून ओढून काढल्यास ही टोके तुटून वाफ्यातच राहतात. नवी मुळे फुटेपर्यंत रोपास पुरेसे पाणी मिळत नाही व ते मान टाकते. म्हणून रोपे काढण्यापूर्वी वाफ्यास पाणी द्यावे, खुरप्याने ती मातीसह उचलावीत व उन्हे उतरल्यावर लावावीत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन्ही रीतींनी काढलेली रोपे शेजारी शेजारी लावून हा फरक प्रत्यक्ष दाखवावा.