हवा बाटलीत कशाला भरावयाची?

गेल्या डिसेंबरात आमच्या नववीच्या वर्गाची सहल काणकोण तालुक्यातील काब-द-रामच्या किल्ल्यावर गेली होती. समुद्र पाहण्यासाठी सारी मुले तटाशी गोळा झाली, तो क्षितिजाची रेषाच दिसेना. पाणी कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते हे कळावयास मार्ग नव्हता. "सर, भर दुपारी हे धुके कसे?" असे एका मुलीने विचारले. ते धुके नव्हते. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून, म्हणजे भूमीवरून समुद्राकडे वाहतो. त्याच्याबरोबर येणाऱ्या धूर, धूळ व काजळी यांचा तो पडदा होता. ओघाने आम्ही मुलांना सांगितले की, याच भूशिरावर १९९३ पासून २००२ पर्यंत शास्त्रज्ञ काचेच्या बाटल्यांत हवा भरून घेत असत आणि ती तपासणीसाठी ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेकडे पाठवीत असत. तोच पाठीमागून प्रश्न आला, "हवा बाटलीत कशाला भरायची, सर? उपग्रह वरून सगळे पाहतात ना?"

आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. त्या वेळी आम्हांला समाधानकारक उत्तर देता आले नाही, हे कबूल करणेच बरे. पुढे काही वाचन केले, विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांना पुष्कळ त्रास दिला, आणि जे उमगले ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम मोजावयाचे काय आहे ते पाहू. कोरड्या हवेचा सुमारे ९९ टक्के भाग नत्रवायू व प्राणवायू यांचा असतो. कार्बन डायॉक्साइड वायू त्या मानाने अगदीच अल्प. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर त्याची मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे ३१३ रेणू आढळले. २०२४ साली तेथील वार्षिक सरासरी ४२४ च्या वर गेली. यंत्रयुगापूर्वी तो आकडा २८० च्या आसपास होता. एवढ्याशा वायूने काय होणार, असे कोणास वाटेल. परंतु १८५६ साली युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या, तेव्हा कार्बन डायॉक्साइडची नळी साध्या हवेच्या नळीपेक्षा अधिक तापलेली त्यांना आढळली. १८५९ साली लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, नत्र व प्राणवायू उष्णतेच्या अदृश्य किरणांना सहज वाट देतात. बाष्प व कार्बन डायॉक्साइड मात्र ते किरण शोषून घेतात.

या शोषणातच उपग्रहाच्या युक्तीचे मूळ आहे. सूर्यप्रकाश लोलकातून गेला की त्याचा सप्तरंगी पट्टा होतो, हे आपण शाळेत पाहतो. जर्मनीतील काचतज्ज्ञ फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास तो पट्टा फार बारकाईने न्याहाळला, तेव्हा त्यात शेकडो काळ्या रेषा आढळल्या. प्रकाशाचा तेवढा अंश वाटेत कोणीतरी गिळून टाकलेला असतो. बऱ्याच रेषा सूर्यावरील वायूंमुळे पडतात. पण तांबड्या टोकाकडील, फ्राउनहोफर यांनी 'ए' हे अक्षर दिलेली रेषा आपल्याच पृथ्वीवरील प्राणवायूची आहे. प्रत्येक वायू आपापल्या ठरलेल्या जागीच प्रकाश खातो, दुसऱ्याच्या पानात हात घालीत नाही. कार्बन डायॉक्साइडच्या रेषा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात पडतात. त्या जितक्या गडद, तितका वाटेत वायू अधिक. म्हणजे उपग्रहाला वायू दिसतच नाही. दिसते ते वायूने प्रकाशात पाडलेले खिंडार.

हे काम मुख्यत्वे करण्यासाठी जपानने जानेवारी २००९ मध्ये 'इबुकी' हा उपग्रह सोडला. इबुकी म्हणजे श्वास. नाव ठेवणाराने नाव मोठे सुरेख ठेवले आहे. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने आपला उपग्रह सोडला, पण अग्निबाणाच्या टोकावरील संरक्षक आवरण सुटलेच नाही. त्या भारामुळे उपग्रहाला कक्षा गाठता आली नाही आणि अनेक वर्षांचे श्रम काही मिनिटांत अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात बुडाले. त्याचा जुळा भाऊ म्हणावा असा 'ओको-२' २ जुलै २०१४ रोजी वर गेला. ७०५ किलोमीटर उंचीवरून तो सुमारे ९९ मिनिटांत एक प्रदक्षिणा करी आणि १६ दिवसांनी पुन्हा पहिल्या वाटेवर येई. जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाश घेऊन त्याचे तीन पट्टे तो तपाशी, एक प्राणवायूचा व दोन कार्बन डायॉक्साइडचे. प्राणवायू कशासाठी? तर त्याचे हवेतील प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखे असते. त्यावरून प्रकाशाने एकंदर किती हवा ओलांडली हे कळते. एकाला दुसऱ्याने भागले की दहा लाखांमागचा आकडा मिळतो. समुद्राचे पाणी अवरक्त प्रकाशात फार काळे दिसते, म्हणून तेथे उपग्रह सूर्याचे प्रतिबिंब जेथे चमकते त्या जागेकडेच यंत्र वळवितो.

येथे आमच्या मुलीचे ते 'धुके' आडवे येते. शास्त्रज्ञ हवेत तरंगणाऱ्या अशा सूक्ष्म कणांना एरोसॉल म्हणतात. काही प्रकाश या कणांवर आपटून जमिनीला न शिवताच परत फिरतो; त्याचा प्रवास आखूड झाल्यामुळे वायू आहे त्याहून कमी भासतो. काही प्रकाश कणांमध्ये इकडून तिकडे भटकतो. त्याचा प्रवास लांबल्यामुळे वायू अधिक भासतो. आता हे ध्यानात घ्यावे की, एका प्रदेशाचे व दुसऱ्या प्रदेशाचे आकडे दहा लाखांत दोन-चारांनीच वेगळे असतात. चारशेमध्ये एकाची चूक झाली तरी अरण्याने वायू शोषला की सोडला, याचा निवाडा उलटा होऊ शकतो! त्यामुळे वायू मोजण्यासाठी कणही मोजावे लागतात.

अर्थात कणांची मोजणी स्वतंत्रपणेही चालते, आणि तिचे महत्त्व कमी नाही. काळ्याभोर समुद्रावर कणांचा थर उजळ दिसतो, म्हणून तेथे हिशेब सोपा. वाळवंटावर मात्र उजळावर उजळ. तेथे निळ्या प्रकाशाचा आश्रय घ्यावा लागतो, कारण निळ्या रंगात वाळूही काळपट दिसते. १९९९ साली भारतीय, युरोपीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावर मोठी मोहीम काढली. आपल्या 'सागर कन्या' नौकेचाही तीत भाग होता. भारतीय उपखंडावरून निघून दूरवर समुद्रावर पसरलेला तपकिरी पडदा त्या वेळी जहाजे, विमाने व उपग्रह या तिघांनीही पाहिला. २००६ ते २०२३ पर्यंत 'कॅलिप्सो' नावाचा उपग्रह लेसर किरणांचे ठोके खाली सोडून ते परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून कणांचा थर किती उंचीवर आहे हे सांगत असे. कणांचा स्वभावही एकसारखा नसतो. १९९१ साली फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने उडविलेल्या गंधकाच्या वायूपासून बनलेल्या कणांनी सूर्यप्रकाश परतवून पृथ्वीला सुमारे अर्धा अंश थंड केले; काजळी मात्र तोच प्रकाश पिऊन हवा तापविते.

इतकी दक्षता घेतल्यावर हाती काय आले? एक उदाहरण पुरे. २०१५-१६ साली एल निनो प्रबळ असता कार्बन डायॉक्साइड नेहमीपेक्षा वेगाने वाढला. 'ओको-२' च्या आकड्यांवरून २०१७ साली असे प्रसिद्ध झाले की, उष्ण कटिबंधातील भूमीने २०१५ साली २०११ च्या तुलनेने सुमारे अडीचशे कोटी टन अधिक कार्बन हवेत सोडला. कारणे मात्र तीन खंडांत तीन. दक्षिण अमेरिकेत अवर्षणामुळे झाडांची वाढ खुंटली, आफ्रिकेत उष्णतेने पालापाचोळ्याचे कुजणे वाढले, आणि इंडोनेशियात रानांना व कुजट दलदलीच्या जमिनीला आगी लागल्या. एका पर्वतावरील मोजणीने वाढ कळली असती; तिचे असे पृथक्करण झाले नसते.

मग बाटल्या कशाला? आता उत्तर देता येईल. उपग्रहाला ऊन हवे, म्हणून रात्री तो आंधळा. त्याला निरभ्र आकाश हवे, म्हणून दिवसाला सुमारे दहा लक्ष नोंदी घेऊनही बहुतेक ढगांपायी टाकून द्याव्या लागतात. आणि मृगापासून पुढे आपल्याकडे जे मळब दाटते, त्यातून त्याला गोव्याची भूमी क्वचितच दिसते. गंमत अशी की, काब-द-रामची बाटली नेमकी त्याच दिवसांत सर्वांत बोलकी असे. पावसाळ्यात नैर्ऋत्य वारा विषुववृत्तापलीकडून, हजारो मैल समुद्रावरून येतो आणि बाटलीत दक्षिण गोलार्धाची स्वच्छ हवा भरली जाते. हिवाळ्यात त्याच बाटलीत देशाचा धूर, मिथेन व कार्बन मोनॉक्साइड अधिक सापडे. शिवाय उपग्रहाचे आकडे बरोबर की चूक हे आकाशात ठरत नाही. जमिनीवरून सूर्याकडे रोखलेल्या दुर्बिणी, विमाने आणि हवेचे नमुने यांच्याशी ताडूनच ते स्वीकारतात. दुसऱ्या बाजूने, बाटली एका भूशिराचीच गोष्ट सांगणार. सहाऱ्याची किंवा ॲमेझॉनची हवा तिला ठाऊक नाही.

दोन्ही प्रकारच्या मोजण्यांना पैसा मात्र अखंड लागतो. काब-द-रामच्या नमुन्यांची ती मालिका २००२ साली थांबली. २०२५ साली अमेरिकेच्या अंदाजपत्रकात, उत्तम चालत असलेला 'ओको-२' ही बंद करण्याची सूचना मांडली गेली. नववीच्या त्या मुलाला आम्ही हे सारे सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, मग आता पावसात किल्ल्यावर हवा कोण भरतो?"