वसाकोशिका
वसाकोशिका : वसेच्या (स्निग्ध पदार्थाच्या) रूपाने ऊर्जा साठविणारी व गरजेनुसार ती उपलब्ध करून देणारी कोशिका (पेशी). श्वेत वसाकोशिकेत वसेचा एकच मोठा थेंब असतो व त्यामुळे केंद्रक कडेला ढकलले जाते. थेंबातील वसा मुख्यतः ट्रायग्लिसराइडाच्या (ग्लिसरॉलाच्या एका रेणूशी वसाम्लांचे तीन रेणू जोडून बनलेल्या संयुगाच्या) स्वरूपात असते. १ ग्रॅ. वसेपासून सु. ९ किलोकॅलरी, तर तेवढ्याच कार्बोहायड्रेटापासून सु. ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. म्हणून दीर्घकालीन साठ्यास वसा अधिक सोयीची ठरते.

जेवणानंतर रक्तातील इन्शुलिनाचे प्रमाण वाढते व त्याच्या प्रभावाने वसाम्ले कोशिकेत शिरून त्यांचे पुन्हा ट्रायग्लिसराइड बनते. उपवासात वा श्रमाच्या वेळी इन्शुलीन घटते, ॲड्रेनॅलिनासारखी हॉर्मोने वाढतात आणि लायपेज एंझाइमे साठ्याचे विघटन करतात. मुक्त झालेली वसाम्ले ॲल्ब्युमीन या रक्तातील प्रथिनाबरोबर स्नायू, हृदय व यकृत यांच्याकडे जातात. तेथे कलकणूंमध्ये (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म घटकांमध्ये) त्यांच्या साखळीतून दोन-दोन कार्बन अणूंचे तुकडे विलग होतात व त्यांच्या ऑक्सिडीभवनाने ऊर्जा मिळते. मेंदूला वसाम्ले इंधन म्हणून फारशी वापरता येत नाहीत. दीर्घ उपवासात यकृत त्यांपासून केटोने बनवून मेंदूस पुरविते.

त्वचेखालील वसाकोशिकांची साठवणक्षमता अपुरी पडल्यास जादा वसा यकृत व स्नायू यांत साचते, इन्शुलिनाचा परिणाम मंदावतो आणि मधुमेहाचा धोका वाढतो, असे मानले जाते. त्यामुळे केवळ वजनावरून शरीरातील वसेचा अंदाज बांधणे फसवे ठरते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांत केलेल्या पाहणीत नवजात अर्भकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. आढळले, इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील अर्भकांचे ते सु. ३·५ किग्रॅ. होते. पुण्याकडील अर्भकांचे स्नायू कमी असूनही पाठीच्या त्वचेखालील वसा मात्र त्या मानाने टिकून होती (२००३). याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन या दोघांचाही देहभार निर्देशांक (उंचीच्या वर्गाशी वजनाचे गुणोत्तर) २२·३ असताना शरीरातील वसा अनुक्रमे २१·२ व ९·१ टक्के भरली (२००४). सडपातळ दिसणाऱ्या व्यक्तीनेही रक्तशर्करेची तपासणी व नियमित व्यायाम यांकडे दुर्लक्ष करू नये, हे यावरून स्पष्ट होते.