केमोथेरपी चालू असताना अंथरूण की व्यायाम?



घरातील बाईला स्तनाचा कर्करोग निघाला, ऑपरेशन होऊन केमोथेरपी सुरू झाली, की वडीलधारी माणसे मायेपोटी सांगतात, "पोरी, आता जागची हलू नकोस, नुसती पडून राहा." हेतू चांगला, पण सल्ला बरोबर नाही. या औषधांनी थकवा येतो हे खरे. परंतु सारखे पडून राहिल्याने अंगातली उरलीसुरली ताकदही जाते आणि थकवा वाढतच जातो.

याबाबत कॅनडात ऑटावा, एडमंटन व व्हँकुव्हर येथे २४२ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. एका गटाला सायकल व चालण्याचे यंत्र, दुसऱ्याला वजने उचलण्याचे व्यायाम दिले; तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. व्यायाम आठवड्यातून तीनदा, केमोथेरपी संपेपर्यंत म्हणजे साधारण १७ आठवडे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाला. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. वजनाच्या गटातील स्त्रियांची ताकद वाढली आणि हाताला सूजही आली नाही.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. रक्तातील पेशी घटल्या की डॉक्टरांना डोस कमी करावा किंवा पुढे ढकलावा लागतो. उसाला खताचा हप्ता चुकला तर काय होते, हे आपणांस सांगायला नको. ठरलेल्या औषधाचा ८५ टक्के वा अधिक भाग नेहमीच्या उपचारांच्या गटात शेकडा ६६ जणींना पुरा घेता आला. सायकलच्या गटात ७४, तर वजनाच्या गटात ७८ जणींना. एका प्रयोगावरून सर्वांची हमी देता येत नाही, आणि व्यायाम हे औषधही नव्हे. तथापि २०२२ साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही, बरे करण्यासाठी चाललेल्या उपचारांच्या काळात व्यायाम करावा, अशीच शिफारस केली.

आता कोणी म्हणेल, "आमच्या बायका रानात राबतात, त्यांना निराळा व्यायाम कशाला?" नाही! खुरपणी, पाचट काढणे, शेण काढणे, भरल्या कळशा वाहणे हा व्यायाम नव्हे. या काळात पांढऱ्या पेशी कमी होतात. उसाच्या पात्याने कापले तरी जखम चिघळण्याची भीती असते.

प्रथम डॉक्टरांना विचारा. मग सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे चालणे, खुर्चीवरून उठबस, पुढे पाण्याची भरलेली बाटली उचलणे, असे बेताबेताने वाढवा. चक्कर, धाप किंवा छातीत दुखणे असेल तर लगेच थांबा. ताप १००.४ अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

घरच्या पुरुषांना आमचे एवढेच सांगणे आहे : तिच्या हातातली कळशी तुम्ही घ्या, पण तिला खाटेवर बसवून ठेवू नका. रोज थोडे तिच्याबरोबर चाला.