पक्षाघात : पहिली नोंद वेळेची

मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. म्हणून अचानक तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा जीभ जड झाली, तर ‘थोडे पडून राहा’ असे न म्हणता रुग्णाला सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. आघात गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनमधूनच कळते. तोवर ॲस्पिरिन देऊ नये, पाणीही पाजू नये.

रुग्ण धडधाकट शेवटचा केव्हा दिसला, हे डॉक्टर प्रथम विचारतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः तेव्हापासून ४.५ तासांच्या आतच देता येते. लक्षणे झोपेतून उठताना आढळली, तर वेळ निजल्यापासून मोजतात. पैपैचा हिशेब लिहिणाऱ्या घराने ही वेळही तत्क्षणी लिहून ठेवावी. उपचाराचा निर्णय बव्हंशी तिच्यावरच ठरतो.